नक्कल कशाची आणि दुखणे कोणाचे

२०१६ या एकाच वर्षात हिंदी दूरचित्रवाणीवरच्या विनोदाशी संबंधित दोन घटना घडल्या. विनोद कुठे संपतो आणि टवाळी कुठे सुरू होते, याचा विचार करताना मला त्या दोन्ही नेहमी एकत्रच आठवतात. जानेवारीत किकू शारदा या विनोदी अभिनेत्याला हरियाणा पोलिसांनी अटक केली. एका कार्यक्रमात त्यांनी डेरा सच्चा सौदाचे प्रमुख गुरमीत राम रहीम सिंग यांची नक्कल केली होती आणि अनुयायांनी धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार केली होती. ज्या बाबांची नक्कल करणे हा गुन्हा ठरवला गेला, त्याच बाबांना पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरवून वीस वर्षांची शिक्षा झाली. त्याच २०१६ च्या सप्टेंबरमध्ये अभिनेत्री तनिष्ठा चटर्जी आपल्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी एका विनोदी कार्यक्रमात गेल्या होत्या. लहानपणापासून भरपूर जांभळे खाल्ली असतील, अशा अर्थाचे विनोद त्यांच्या सावळ्या रंगावरून सुरू झाले. त्या उठून बाहेर पडल्या आणि त्यांनी जाहीरपणे लिहिले की गोऱ्या रंगाचे हे वेड जातिव्यवस्थेशी जोडलेले आहे आणि म्हणूनच ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. वाहिनीने माफी मागितली, पण एवढे मनाला काय लावून घ्यायचे, असे त्यांना सांगणारेही पुष्कळ निघाले.

पहिल्या घटनेत दुखावलेल्यांच्या मागे मोठा समुदाय होता, वकील होते, कायद्याचे कलम होते आणि दुसऱ्या राज्यात जाऊन अटक करण्याची पोलिसांची तयारी होती. दुसऱ्या घटनेत दुखावलेली स्त्री एकटी होती. ती नामवंत होती म्हणून निदान तिचे म्हणणे वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचले. रंगावरून, उंचीवरून, बोलण्यातल्या अडखळण्यावरून रोज हसू झेलणारी जी असंख्य माणसे आहेत, त्यांचे म्हणणे शेजारच्या खोलीपर्यंतसुद्धा पोहोचत नाही. उलट त्यांना सगळ्यांबरोबर हसावे लागते, कारण न हसणाऱ्याला खिलाडूवृत्ती नाही असा शेरा लगेच मिळतो.

पुण्यात हा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. पूर्वी किती मोकळेपणा होता, आता कशावर बोलायची सोय राहिली नाही, हा एक आणि आमच्यावरच का, दुसऱ्यांवर करून दाखवा, हा दुसरा. मला हे दोन्ही सूर अपुरे वाटतात, कारण दोघांनीही मोजपट्टी एकच धरलेली आहे : कोण किती दुखावले. या मोजपट्टीने व्यंग आणि अवहेलना वेगळी करताच येत नाहीत. सत्तेचे व्यंग नेमके लागले तर सत्तावान दुखावणारच, ते दुखावले नाहीत तर व्यंग फसले असे समजावे. आणि दुबळ्याची टवाळी कितीही हीन असली तरी दुबळा बहुधा तक्रार करणार नाही. म्हणजे जे दुखणे सर्वांत मोठ्याने ऐकू येते, त्याच्यावरून रेषा आखायची ठरवली तर ती बहुतेक वेळा उलट्या बाजूला आखली जाते.

या शहराला हे शिकण्याची संधी फार पूर्वीच मिळाली होती. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १६ डिसेंबरला, भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. पेशवाईतल्या पुण्यात कोतवाल घाशीराम सावळदास याला १७९१ मध्ये लोकांनी ठार मारले, हा इतिहास. तेंडुलकरांनी त्या इतिहासाचा आधार घेऊन, आपल्या सोयीसाठी एक घाशीराम उभा करणारी आणि सोय संपताच त्याला जमावाच्या हवाली करणारी सत्ता रंगमंचावर नाचवली. नानांचे चारित्र्यहनन झाले, ब्राह्मणांची बदनामी झाली, असे आक्षेप आले. १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवले. कलावंत बाहेर पडले, थिएटर अकॅडमी उभी राहिली आणि नाटक पुन्हा सुरू झाले. १९८० मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हाही विरोध झालाच.

त्या वेळी दुखावलेल्यांची भावना खोटी होती असे मी म्हणणार नाही. नटांनीच रांगेत उभे राहून केलेली ती डोलणारी ब्राह्मणांची भिंत आपल्याच आजोबा-पणजोबांची आहे असे वाटणाऱ्याला ती बोचणारच. परंतु नाटकात त्या भिंतीचे हसू होते ते कशामुळे? ती शेंडी राखते म्हणून नव्हे. भिंतीपलीकडे काय चालले आहे ते सगळ्यांना माहीत असते, भिंत हवी तेव्हा उघडते आणि हवी तेव्हा मिटते, आणि रात्री बावनखणीत, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीत, जाणारी माणसे सकाळी सोवळ्यात दिसतात, म्हणून ते हसू होते. तिथे नक्कल माणसे काय करतात याची होती. ते करणे थांबवता आले असते, आणि थांबवता येण्याजोग्या गोष्टीबद्दल जाब विचारणे हेच व्यंगाचे काम आहे. सावळ्या मुलीला सावळे असणे थांबवता येत नाही. तोतरे बोलणाऱ्याला शब्द अडण्याबद्दल जाब कसा विचारणार? मला दिसणारा फरक एवढाच आहे, आणि विनोदी कार्यक्रम पाहताना मी तो पुन्हा पुन्हा लावून बघते.

मात्र तो लावणे प्रत्येक वेळी इतके सोपे नसते, आणि त्याचेही उदाहरण पुण्यातच घडले. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेले एक व्यंगचित्र एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात घेतले होते. राज्यघटना नावाच्या गोगलगाईवर डॉ. आंबेडकर बसले आहेत आणि मागे नेहरू चाबूक घेऊन उभे आहेत, असे ते चित्र. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला, पाठ्यपुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोडीचे समर्थन होऊ शकत नाही. पण इथे आवाज करणारे लोक सत्तावान नव्हते. पिढ्यान् पिढ्या ज्यांना बोलू दिले नाही तेच बोलत होते. शंकर यांचा रोख घटना तयार होण्यास लागलेल्या वेळावर होता, म्हणजे माझ्या कसोटीने ते व्यंग कृतीवरचेच ठरते. तरीही वर्गात बसलेल्या एखाद्या दलित मुलाला त्या चित्रात गोगलगाईआधी चाबूक दिसला, तर त्याचे पाहणे चुकीचे आहे असे मी कोणत्या अधिकाराने म्हणू? चित्र काढणाऱ्याचा हेतू आणि पाहणाऱ्याचा अनुभव यांची गाठ वर्गात शिक्षकाला घालून देता आली असती. त्या पाठ्यपुस्तकाची रचनाच अशी चर्चा व्हावी म्हणून केलेली होती. कार्यालय फोडले गेले आणि ती चर्चा व्हायच्या आतच संपली, याचे मला आजही वाईट वाटते.

टीव्हीला तर असा शिक्षकही मिळत नाही. तिथे हसायचे कधी ते आधीच ठरलेले असते. विनोदाचा पंच पडला की परीक्षक खुर्चीत मागे रेलून हसतात, कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर जातो, पाठोपाठ ध्वनिमुद्रित हशा येतो, आणि घरी बसलेल्या माणसाला त्या दोन क्षणांत विचार करायला जागा उरत नाही. अमेरिकेत डेव्ह शॅपेल या कृष्णवर्णीय विनोदवीराने २००५ मध्ये आपला अत्यंत यशस्वी कार्यक्रम तिसऱ्या पर्वाचे काम चालू असतानाच सोडून दिला. कृष्णवर्णीयांविषयीच्या साचेबद्ध कल्पनांची थट्टा करणाऱ्या एका प्रसंगाच्या चित्रीकरणात एक गोरा सहकारी ज्या तऱ्हेने हसला, ते हसणे आपल्याला खटकले, असे त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितले. संहिता त्यांनीच लिहिलेली होती आणि रोख योग्य ठिकाणी होता. तरीही आपण साच्यावर हसवत आहोत की साचाच पक्का करत आहोत, ही शंका त्यांना त्या हास्याने घातली. एवढा मोठा करार बाजूला ठेवून या शंकेपाशी थांबणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आपल्याकडच्या साच्यांपैकी सर्वांत टिकाऊ साचा साडी नेसलेल्या पुरुषाचा आहे. त्यावर बोलू लागले की परंपरेचा दाखला दिला जातो, म्हणून परंपरेकडे जरा नीट पाहावे. बालगंधर्व स्त्रीभूमिका करत तेव्हा घरंदाज स्त्रिया त्यांची साडी नेसण्याची पद्धत आणि केशभूषा पाहून तसे नेसायला-माळायला शिकत. त्यांच्या नावाचे रंगमंदिर १९६८ पासून जंगली महाराज रस्त्यावर उभे आहे. त्यांच्या अभिनयाचा प्राण स्त्री कशी बघते, कशी लाजते, कशी रागावते याच्या निरीक्षणात होता. तमाशाच्या गवळणीतली मावशीही पुरुषच असतो, तिचे रूप ओबडधोबड असते आणि तिला पाहून लोक हसतातच. पण ती गवळणींची पुढारी असते, वाट अडवणाऱ्या कृष्णाला ती प्रश्न विचारते आणि तिच्या तोंडाला तोंड देणे देवालाही जड जाते. हसू तिच्या हजरजबाबीपणाचे असते. परंपरेत सगळे निर्मळ होते असेही नाही. त्याच गवळणीत पेंद्याच्या पांगळेपणावर आणि बोबड्या बोलण्यावर पिढ्यान् पिढ्या हशे वसूल केले गेले आहेत, आणि ते जुने आहे म्हणून मला गोड वाटत नाही.

आजच्या टीव्हीवर साडी नेसलेला पुरुष येतो तेव्हा अनेकदा यातले काहीच घडत नाही. पदर घसरतो, आवाज घोगरा निघतो, समोरचा पुरुष दचकतो आणि ‘हिच्याशी लग्न कोण करणार’ या अर्थाचे एक वाक्य येते. यात ना स्त्रीचे निरीक्षण असते, ना मावशीची बुद्धी. उरते ती फक्त एक सूचना की रुंद खांद्यांची बाई किंवा बाईसारखे राहू पाहणारा पुरुष ही मुळातच हसण्याची गोष्ट आहे. घरोघरी अशी मुले असतात ज्यांना आपले शरीर आणि आपले मन जुळत नाही हे कोणाला सांगता येत नसते. घरातली सगळी माणसे हसत असताना ते मूल त्याच सोफ्यावर बसलेले असते.

गेल्या वर्षीची एक दुपार मला या संदर्भात सांगितली पाहिजे. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून येतात आणि कोथरूडमधल्या पाच-सहा घरी पोळ्या करतात. दिवाणखान्यात एका जुन्या भागाचे पुनःप्रक्षेपण चालू होते. त्यातली कामवाली मिसरी लावत होती, साखर पदरात बांधत होती, ‘ण’च्या जागी ‘न’ म्हणत होती आणि मालकिणीला इंग्रजी शब्द चुकीचे ऐकवत होती. मावशी कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघू लागल्या. पहिल्या दोन वाक्यांना त्याही हसल्या. मग म्हणाल्या, “ताई, ही बाई चांगल्या घरची दिसती. हिच्या घरी पोळ्या करायला कोन येत असंल?” थोड्या वेळाने, परत जाता जाता, “मिसरी माझी सासू लावायची. आता आमच्यात कोन लावतं?”

पुढचे त्यांनी पोळ्या लाटता लाटता केले, आणि ते मी कधी विसरणार नाही. एका घरच्या मॅडम फोनवर मैत्रिणीला ‘आमच्या मावशी म्हणजे अगदी घरच्याच’ असे कसे सांगतात आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने त्यांच्यासाठीचा कान तुटलेला कप फळीवरून कसा काढतात, हे त्यांनी आवाजासकट करून दाखवले. काजूचा डबा उघडताना दिसल्यावर तो पटकन बंद न करता आधी एक काजू पुढे करायचा आणि मगच बंद करायचा, ही एका काकांची रीत त्यांनी नुसत्या मनगटाने दाखवली. पोळ्या मोजून घेणाऱ्या बाई कशा बोटे न हलवता डोळ्यांनी मोजतात तेही दाखवले. त्यांनी कोणाच्या रंगाची, वजनाची, जातीची नक्कल केली नाही. आम्ही जे करतो, आणि आपण ते करतो हे कोणाला कळत नाही असे समजून करतो, त्याची त्यांनी केली. ते पाहताना आमच्या घरातल्या कपांची फळी माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि चांगल्या व्यंगाने बघणाऱ्याला जिथे नेऊन सोडायला हवे तिथे मी पोहोचले होते.

टीव्हीवरची कामवाली आणि मावशींच्या तोंडची मॅडम, दोन्ही नकलाच. पहिलीसाठी लेखकाला एकाही कामवालीला ओळखण्याची गरज पडलेली नव्हती. दर आठवड्याला नवी स्किट द्यायची असतात, चित्रीकरणाचे दिवस ठरलेले असतात, आणि अशा वेळी ओठांवर येते ते आधी कोणीतरी वापरलेलेच असते : जाडी बायको, बुटका नवरा, काळी मुलगी, गावाकडचा नोकर. या लेखनामागे सहसा द्वेष नसतो, हे मला मान्य आहे, पण निष्काळजीपणा असतो आणि ज्याच्यावर तो पडतो त्याला दोन्हींतला फरक जाणवत नाही. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारे पात्र आले की ते अडाणीच असणार, हे समीकरण पुण्या-मुंबईच्या प्रमाणभाषेत वाढलेल्या लेखकांनी वर्षानुवर्षे चालवले. अलीकडे त्या त्या भागातून आलेले कलावंत स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या अटींवर उभे राहू लागले आहेत, आणि बदल तिथून होताना दिसतो. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधून गौरव मोरे ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पवईतल्या एका वस्तीचे नाव, जे एरवी पत्ता सांगताना माणसे गाळतात, ते घराघरांत अभिमानाने म्हटले गेले. हा विनोद कोणाला न दुखावताही पोटभर हसवतो, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

कायद्याकडून या बाबतीत मी फारशी अपेक्षा ठेवत नाही. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, चित्रपटाला प्रमाणपत्र लागते, टीव्ही कार्यक्रमाला मात्र अशी पूर्वपरवानगी नाही, आणि ती नसावी असेच माझे मत आहे. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत भाषिक आणि प्रादेशिक समूहांचे तुच्छतेने चित्रण करू नये असे लिहिलेले आहे, पण ते वाचून कोणी स्किट बदलल्याचे दिसत नाही. धार्मिक भावनांच्या कलमाचा उपयोग कोण करतो ते आपण वर पाहिले. या सगळ्यात एक निकाल मला खरोखर उपयोगी वाटतो. जुलै २०२४ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने एका चित्रपटाविरुद्धच्या याचिकेत दिव्यांगांविषयीच्या विनोदाचे दोन प्रकार केले. दिव्यांगत्वाबद्दलचे समाजाचे गैरसमज मोडणारा विनोद वेगळा आणि दिव्यांग माणसाला हीन लेखून त्याला आणखी दुबळा करणारा विनोद वेगळा. न्यायालयाने भावना किती दुखावल्या हे विचारले नाही, विनोद काय करतो हे विचारले. हीच विचारपूस रंग, बोली, देह, धंदा यांच्याबाबत व्हायला हवी, आणि ती न्यायालयाच्या आधी लेखकाच्या टेबलावर व्हायला हवी.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात गेल्या वर्षी मुलांनी टीव्हीवर पाहिलेले एक स्किट बसवले होते. त्यात मोडकेतोडके हिंदी बोलणारा नेपाळी वॉचमन होता आणि एक मुलगा साडी नेसून आला होता. त्या स्किटला पहिले बक्षीस मिळाले. ज्यांच्यावर ते होते ते वॉचमनदादा गेटपाशी ड्युटीवर होते आणि लाउडस्पीकरवरून त्यांना सगळे ऐकू येत होते. यंदा बारावीतल्या एका मुलाने स्वतः लिहिले आहे. घरकाम करणाऱ्या बायकांनी सामानाच्याच लिफ्टने जावे, अशी जी पाटी आमच्या इमारतीत लावलेली आहे, ती लावण्याचा ठराव कसा झाला याचे ते स्किट आहे. त्यात कोणाच्या दिसण्यावर, बोलण्यावर, गावावर एकही वाक्य नाही. मी ते वाचले आहे. समितीने मात्र सभासदांच्या भावना दुखावतील म्हणून ते वगळण्याचे ठरवले आणि गेल्या वर्षीचेच पुन्हा करा, ते सगळ्यांना आवडले होते, असे सुचवले. मुलाने नकार दिला आहे. रविवारच्या बैठकीत मी त्याच्या बाजूने बोलणार आहे, आणि गेल्या वर्षीच्या स्किटला कोणाची परवानगी घेतली होती हेही विचारणार आहे.